डबे नवे, पिस्टन जुनेच

घरी स्वतःच्या हातानं इंजिन बांधणारा माणूस म्हणजे लबाड मशीन शॉपवाल्यासाठी (इंजिनचे भाग कापून-घासून देणाऱ्यासाठी) सगळ्यात सोयीचं गिऱ्हाईक. पुढे इंजिननं तेल खाल्लं, खडखड केली, जाम झालं, तरी त्याचं उत्तर तयार असतं: "फिटिंग आम्ही केलं का साहेब?" माझ्याकडून ६८ हजार रुपये या एका वाक्याच्या भरवशावर घेतले गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण युक्ती सविस्तर सांगतो, कारण ती बुलेटपासून ट्रॅक्टरपर्यंत कुठल्याही इंजिनला चालते.

माझी गाडी टोयोटा एमआर२, १९८८ ची. पहिला मालक इंग्लंडहून परतताना सोबत घेऊन आला होता. इंजिन ४ए-जीई, १५८७ सीसी, १६ व्हॉल्व्हचं. ते सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे आडवं बसवलेलं असतं, रेडिएटर मात्र पार पुढे. मी ते खालून काढलं. नागपुरात मानेवाड्याच्या घरी पोर्चमध्ये गाडीचा मागचा भाग उंच उचलून स्टँडवर घेतला, ड्राइव्हशाफ्ट, गिअरच्या केबल, एक्झॉस्ट, पेट्रोलची लाइन, कूलंटचे होज सोडवले आणि मावसभावाच्या मदतीनं इंजिन-गिअरबॉक्स एकत्रच ट्रॉलीवर उतरवलं. हे सांगायचं कारण असं, की इतकं करून एकदा बसवलेलं इंजिन कोणी हौसेनं पुन्हा उतरवत नाही. दुकानदाराला हे आपल्याहून चांगलं माहीत असतं.

हेड उघडलं तेव्हा दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये उभी लाइन पडलेली होती, नख अडकेल इतकी खोल. बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, ओव्हलही झालेला. क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागांवर, ओरखडे. म्हणजे बोअरिंग (सिलिंडर कापून मोठा करणं), त्यात बसणारे ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग (जर्नल घासून बारीक करणं), त्याला बसणारे अंडरसाइज बेअरिंग हा सगळा खर्च खरोखरच होता. फसवणूक निदानात नव्हती, हे आधी स्पष्ट करतो. दुकानदारानं जे करायला सांगितलं ते योग्यच होतं. त्यानं फक्त ते केलं नाही.

ठरलं ते असं: ८१ मिलिमीटरचा बोअर ८१.५ करायचा, '५०' चे (अर्धा मिलिमीटर मोठे) नवे पिस्टन-रिंग टाकायचे, क्रँकचे रॉड जर्नल ४२ वरून ४१.७५ ला आणायचे आणि '२५' चे (पाव मिलिमीटर बारीक जर्नलला बसणारे) बेअरिंग द्यायचे. "मॅचिंगसाठी" म्हणून जुने पिस्टनही कनेक्टिंग रॉडसकट ठेवून घेतले. पैसे यूपीआयनं गेले, अर्धे आधी, अर्धे माल उचलताना. पक्कं बिल मागितलं तर म्हणे, "जीएसटी लागून जाईल भाऊ, काऊन उगाच पैसे वाढवता?" हातात आली ती कच्ची पावती. सुदैवानं तिच्यावर प्रत्येक काम आणि साइज लिहून घेतली होती.

माल घ्यायला गेलो तेव्हा ब्लॉक तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, सिलिंडरमध्ये होनिंगची (दगडानं केलेल्या बारीक घासाईची) सुंदर जाळी, पिस्टन एका नावाजलेल्या जपानी ब्रँडच्या सीलबंद डब्यांत, बेअरिंगही तसेच. जुने पिस्टन मागितले. "ते तर भंगारवाल्यानं नेले ना बाप्पा."

घरी डबा उघडला. पिस्टन चकचकीत, माथ्यावर '५०' चा ठप्पा. पण ठप्पा हातानं पंच मारल्यासारखा, शून्य पाचच्या जरा खाली सरकलेलं. पिस्टन उलटा केला. स्कर्टच्या आतल्या बाजूला, जिथे बफिंगचं चाक पोचत नाही, तिथे बारीक अक्षरात '३' कोरलेलं होतं. ते मीच कोरलं होतं. इंजिन उघडताना कोणता पिस्टन कोणत्या सिलिंडरचा हे कळावं म्हणून मी टंगस्टनच्या टोकानं चौघांवर आतून नंबर टाकले होते. १, २, ३, ४, चारही हजर. ऑइल रिंगच्या खाचेतल्या भोकांत कार्बनही तसाच काळा. भंगारवाल्यानं काही नेलं नव्हतं. माझे पिस्टन मला पैसे घेऊन परत मिळाले होते.

मग ब्लॉक पुसून काढला. दोन नंबरमध्ये जाळीच्या खाली तीच उभी लाइन, नख तिथेच अडकलं. बोअर खरंच अर्धा मिलिमीटर वाढवला असता तर प्रत्येक बाजूनं पाव मिलिमीटर धातू निघाला असता आणि ती लाइन उरलीच नसती. नुसतं होनिंग करून वर जाळी काढून दिली होती. क्रँकवर मायक्रोमीटर लावला तर ४१.९८, म्हणजे ग्राइंडिंग नाही, एमरी मारून पॉलिश. बेअरिंगच्या डब्यावर ०.२५, आत शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीच्या) पाठीवर एसटीडी, म्हणजे स्टँडर्ड, मूळ माप.

यातली हुशारी लक्षात घ्या. सगळंच स्टँडर्ड असल्यामुळे सगळं एकमेकांत नीट बसतं. मी रिंग सिलिंडरमध्ये टाकून गॅप पाहिला, तोही ठीक आला. खरी '५०' ची रिंग ८१ च्या बोअरमध्ये टाकली असती तर तिचा परीघ बोअरपेक्षा दीड मिलिमीटरहून जास्त मोठा पडला असता आणि टोकं एकमेकांवर चढली असती. पण रिंगही स्टँडर्डच होत्या. बेअरिंग घट्ट नाही, क्रँक हातानं फिरतो, पिस्टन गुळगुळीत सरकतो. फक्त बसतंय की नाही एवढंच पाहणारा चांगला मिस्त्रीसुद्धा इथे काही बोलणार नाही. प्रत्यक्ष माप घेतलं तरच भांडं फुटतं, आणि त्यासाठी महागडं बोअर गेजही लागत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा फरक साध्या व्हर्निअरवर दिसतो.

दुकानात परत गेलो. पहिलं उत्तर: "पोरानं डबे बदलले असतील." दुसरं: "साहेब, मे महिना आहे, नागपूरच्या उन्हात माप फुगतं." हे ऐकून मला खरोखर हसू आलं. माप २० अंशाला धरायची पद्धत आहे हे बरोबर. पण ८१ मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पिस्टन आणखी वीस अंश तापला तर फार तर ०.०३ ते ०.०४ मिलिमीटर वाढेल. शिवाय वाढेल, घटणार नाही. मला तर तो अर्ध्या मिलिमीटरनं कमी भरत होता. ऊन असं उलटं काम करून राहिलं असेल तर विदर्भात कूलरचा धंदा बसायला पाहिजे होता.

तिसऱ्या भेटीत तडजोड निघाली: "दिल्लीहून आख्खं इंजिनच मागवून देतो, हे विसरून जा." नको म्हटलं. आरसीवर इंजिन नंबर असतो. कागद नसलेलं दुसरं इंजिन टाकलं की आरटीओत बदल नोंदवताना अडकणार, आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं निमित्त.

त्यानंतर बोलणं बंद आणि कागद सुरू. ब्लॉक, क्रँक, पिस्टन हिंगणा एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये नेऊन मोजमापाचा लेखी रिपोर्ट सही-शिक्क्यानिशी घेतला. पिस्टनमधले कोरलेले आकडे, शेलच्या पाठी आणि डब्यांची लेबलं यांचे फोटो काढले. इंजिन काढतानाचा मावसभावानं घेतलेला व्हिडिओ कामी आला, त्यात मी नंबर कोरताना दिसतो. एकही बोल्ट आवळलेला नव्हता, म्हणून "फिटिंग" या शब्दाला जागाच उरली नाही. वकिलामार्फत नोटीस गेली तशी वीस हजारांची रक्कम न सांगता माझ्या खात्यात आली. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि कच्ची पावती जोडता येते. सुरुवातीला काय करावं कळत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

ब्लॉक दुसरीकडे बोअर करून घेतला, मशीनजवळ उभा राहून. तिथल्या काकांनी आधी नवे पिस्टन आणायला लावले, प्रत्येक पिस्टन मोजला आणि मग त्या त्या मापाला सिलिंडर कापला. काम खरं तर असंच करायचं असतं. इंजिन आता गाडीत आहे. पुढच्या रेडिएटरपासून मागपर्यंतच्या लांब पाइपांतली हवा काढताना मात्र घाम निघाला. थोडी हवा राहिली तरी टेंपरेचरचा काटा वर जातो, त्यामुळे गाडीचं नाक उंच करून सावकाश कूलंट भरावं लागलं.

जुने चार पिस्टन पोत्यात बांधून कपाटात ठेवलेत. दुकानदाराचा निरोप आला होता, "ते परत द्या, बाकीचे पैसे बघू." वकील म्हणाले, सुनावणी संपेपर्यंत एकही द्यायचा नाही.