विश्रामबागेतलं झेरॉक्सचं दुकान : हायडन छापायचा तर इथंच

आधार कार्डाच्या प्रती आणि कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, हे या दुकानाचं रोजचं गिऱ्हाईक. माझं काम जरा आडवळणाचं. आम्ही चौघं मिळून स्ट्रिंग क्वार्टेट वाजवतो, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्यासाठीचं पाश्चात्त्य संगीत. चेलोवाला कोल्हापूरहून येतो, व्हायोला मिरजेच्या चर्चमधले काका वाजवतात. छापील नोटेशन सांगलीत कुठं मिळायचं? म्हणून हक्क संपलेल्या जुन्या आवृत्त्यांचे स्कॅन पेन ड्राइव्हवर घालून मी इथं येते.

क्वार्टेटला चार वेगळ्या वह्या लागतात. ज्यानं त्यानं आपापलंच बघायचं, बाकीच्यांचं कानानं धरायचं. हायडन म्हणजे अठराव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार. त्याच्या काळी माल विकला जायचा तोही असाच, प्रत्येक वाद्याच्या सुट्या पार्टांत. या कागदांनीच तर गावं जोडली. बोक्केरिनी हा संगीतकार जन्मला इटलीतल्या लुक्कात, संसार केला स्पेनमध्ये आणि छापून घेतलं पॅरिसला. हायडननं १७८१ मध्ये ओपस ३३ (ओपस म्हणजे रचनांचा क्रमांक; यात सहा क्वार्टेट आहेत) च्या हस्तलिखित प्रती वर्गणीदारांना देऊ केल्या. त्या पोचायच्या आतच व्हिएन्नाच्या आर्टारिया या प्रकाशकानं छापील आवृत्तीची जाहिरात टाकली, तेव्हा तो जाम भडकला. पण हाही काही साधा नव्हता. पुढं ओपस ५० त्यानं आर्टारियाला विकलंच, शिवाय लंडनच्या फॉर्स्टर या प्रकाशकालाही! मोझार्टनं आपले सहा क्वार्टेट हायडनला अर्पण केले, तेही १७८५ मध्ये आर्टारियानंच छापले.

तर दुकान. आधी मी दुसरीकडं छापून घ्यायचे. तिथं 'फिट टू पेज' करून वरचे स्लर (सूर जोडून वाजवायच्या कमानी) निम्मे कापून हातात द्यायचे. इथला पोरगा आधी विचारतो, "मॅडम, पान कुठं उलटणार?" वाजवताना हात मोकळा होतो तो फक्त विराम आला की. तेवढ्यात पान उलटलं पाहिजे, म्हणून विराम उजव्या पानाच्या तळाशी यायला हवा. त्याला हे एकदाच सांगितलं. आता तो गरज पडली तर मधे कोरं पान घालतो, नाहीतर ए-थ्रीला आणखी एक पान जोडून तीन पानांची घडी घालून देतो. कागद १०० जीएसएमचा, मागची शाई पुढं दिसत नाही. स्पायरल नको म्हणावं, पान उलटताना खर्रकन वाजतं. मधोमध पिना मारून घ्या.

ओपस ३३ मधल्या दुसऱ्या क्वार्टेटचा शेवट छापताना मात्र पोरगं अडलं. "इथं छापायचं राहिलंय काय ओ?" हायडननं तिथं धून तुकडे तुकडे करून मधे नुसते विराम ठेवलेत. संपलं समजून लोक टाळ्या वाजवतात, आणि वाजवणारे पुन्हा सुरू!

दुपारी दुकान बंद असतं आणि परीक्षेच्या दिवसांत उभं राहायला जागा नसते. स्कॅन फिकट असेल तर गडद करायला आठवणीनं सांगावं लागतं, आपणहून करत नाहीत. त्याचा एक तारा कापला. पाचपैकी चार.