हळद-बेदाण्याचं ऑनलाइन दुकान: वेगळी प्रॉडक्ट्स की व्हेरिएंट?

सांगलीची हळद पावडर १०० ग्रॅम, २५० ग्रॅम आणि १ किलोत विकायची आहे. प्रत्येक वजनाचं वेगळं प्रॉडक्ट केलं तर सुरुवात झटपट होते; पण फोटो-वर्णन तीनदा भरावं लागतं, रिव्ह्यू विखुरतात आणि एका ठिकाणी केलेली दुरुस्ती दुसरीकडे राहून जाते. म्हणून वजनासाठी व्हेरिएंटच (एकाच प्रॉडक्टखाली निवडायचे पर्याय) बरे. प्रत्येकाला स्वतंत्र एसकेयू (माल ओळखायचा कोड), किंमत, स्टॉक द्या. एसकेयू नुसत्या आकड्यांचा, शून्यानं सुरू होणारा नको. प्रॉडक्टची यादी एक्सेलमध्ये उघडली की ते पुढची शून्यं खाऊन टाकतं. ‘पाव किलो’ आणि ‘२५० ग्रॅम’ दोन्ही लिहिलंत तर फिल्टरमध्ये दोन पर्याय दिसतात.

हळकुंड मात्र वेगळंच प्रॉडक्ट. हिरवा आणि काळा बेदाणाही वेगळा ठेवा: गिऱ्हाईक तो नावानंच शोधतं.