जुना डीबीएफ डेटा क्यूजीआयएसमध्ये नेताना: शेपफाइल की जिओपॅकेज?

सोलापुरात मालमत्ता मोजणी, ड्रेनेज किंवा पाइपलाइनच्या नकाशांची कामं घेणाऱ्यांच्या हाती जुना डेटा येतो तो बहुतेक वेळा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या डीबीएफ फाइलमध्ये, नाहीतर मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या एमडीबी फाइलमध्ये. तो क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमध्ये न्यायचे दोन सरळ रस्ते आहेत. प्रत्येक लेयरची, म्हणजे नकाशातल्या माहितीच्या प्रत्येक थराची, शेपफाइल करायची आणि क्यूजीझेड प्रोजेक्ट (रंग, लेबलं अशी मांडणी जपणारी फाइल) शेजारी ठेवायचा, किंवा सगळं एका जिओपॅकेजमध्ये भरून प्रोजेक्टही त्यातच सेव्ह करायचा. मी दोन्ही पद्धतींनी कामं करून दिली आहेत.

शेपफाइलचं मोठेपण मान्यच करायला हवं. एस्री या नकाशा-सॉफ्टवेअरच्या कंपनीने १९९८ मध्ये तिची रचना जाहीर केली आणि आज ती उघडत नाही असं नकाशाचं सॉफ्टवेअर सापडणं कठीण. समोरचा माणूस काय वापरतो हे ठाऊक नसेल, तर शेपफाइल दिली की प्रश्न मिटतो. एक शेपफाइल म्हणजे पाच-सहा फाइलींचा संच, पेनड्राइव्हवर नेताना त्यांपैकी एखादी मागे राहते, त्यात मजकुराचं एन्कोडिंग सांगणारी सीपीजी राहिली तर मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. पण हे सांभाळता येतं.

मला जे सांभाळता आलं नाही ते वेगळं. शेपफाइलमधली माहिती डीबीएफमध्येच बसते आणि तिथं कॉलमच्या नावाला जेमतेम १० बाइट मिळतात. युनिकोड मजकूर साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे ‘मालकाचे नाव’ आणि ‘मालमत्ता क्रमांक’ या दोन्हींचं ‘माल’पुढे काहीच उरत नाही. लेबलं आणि रंगांचे नियम कॉलमच्या नावावर चालतात, त्यामुळे प्रोजेक्टही विस्कटतो. रोमन लिपीत आखूड नावं देऊन यातून सुटता येतं, बरेच जण तेच करतात.

पत्त्याला मात्र तीही सोय नाही. मजकुराच्या कॉलमची मर्यादा २५४ बाइट. आपल्याकडचा असा पत्ता घ्या: ‘घर नं. ११२ (जुना ४७), यंत्रमाग शेडच्या मागे, मारुती मंदिराजवळची गल्ली, बोळातून आत, पाण्याच्या टाकीसमोर, साखर पेठ’. हा ‘पाण्याच्या टाकी’पाशी तुटतो. पेठ शेवटी लिहायची आपली पद्धत, त्यामुळे नेमकी तीच जाते. आणि काम तर सगळं पेठेवरच असतं: साखर पेठ वेगळी काढा, भवानी पेठेची यादी द्या. माझा निर्णय इथंच झाला.

जिओपॅकेज आतून एसक्यूलाइट, म्हणजे एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस आहे. ओजीसी या नकाशा-डेटाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं हे मानक २०१४ पासूनचं, आणि क्यूजीआयएस ३ पासून नवा लेयर सेव्ह करताना तेच आधी सुचवलं जातं. कॉलमचं नाव अख्खं राहतं, पत्ता अख्खा राहतो, फाइल एकच. यालाही पथ्य आहे. लेयर उघडे असताना शेजारी ‘वाल’ आणि ‘एसएचएम’ अशा दोन फाइली तयार होतात. तेव्हा फक्त मुख्य फाइल कॉपी केली तर नुकत्याच केलेल्या दुरुस्त्या मागे राहू शकतात. आधी प्रोजेक्ट बंद करावा. ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हवर दोघं-तिघं एकाच फाइलमध्ये दुरुस्त्या करणार असतील तर मी जिओपॅकेजचा आग्रह धरणार नाही. पण त्या कामाला शेपफाइलही बरी नाही, पोस्टजीआयएस या सर्व्हरवरच्या नकाशा-डेटाबेसकडे वळावं.

जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावाच लागतो, रस्ता कुठलाही घ्या. मध्ये एक्सेल शक्यतो आणू नये. सर्व्हे नंबर १२/१ ची तिथं परस्पर तारीख होते, आणि हजारो ओळींत ते चटकन लक्षात येत नाही. प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, सोलापूरसाठी यूटीएम ४३ उत्तर; क्यूजीआयएसमध्ये तिचा कोड ईपीएसजी ३२६४३.

तुमचा डेटा सगळा आकड्यांचा असेल, पाइपचा व्यास, मॅनहोलची खोली एवढाच, तर शेपफाइलनेही काही अडणार नाही. नावं आणि पत्ते मराठीत असतील तर मी जिओपॅकेजच घेईन. समोरच्याला शेपफाइलच हवी असेल तर ती अगदी शेवटी एक्सपोर्ट करून द्यावी. त्याआधी पेठेचा वेगळा कॉलम काढून घ्यावा आणि आखूड नावांसमोर पूर्ण मराठी नावं लिहिलेली यादी सोबत जोडावी.