छातीवरचा हार्ट रेट पट्टा: घ्यावाच असा

मी धावते आणि लांब पल्ल्याची सायकलही चालवते. "सायकलवर काय, बसून तर जायचं!" हे ऐकून कान किटले होते. या पट्ट्याने खरं उत्तर दिलं. दम सारखाच लागलेला असतानाही सायकलवर माझे ठोके धावण्यापेक्षा थोडे कमी दिसतात, कारण शरीराचा भार सायकल पेलते. पण वेग वाढवला की चित्र पालटतं. दुप्पट वेगाला हवा कापायला आठपट शक्ती लागते, आणि ठोके सरसर चढतात! हँडल घट्ट धरलं की माझं मनगटी घड्याळ चुकीचे आकडे दाखवतं, पट्टा नाही. फक्त आतली बाजू ओली करून बांधा, कोरड्या पट्ट्याचे सुरुवातीचे आकडे उड्या मारतात.