टीएन5 ट्रान्सपोझॉनचा प्रात्यक्षिक किट : एक अभिप्राय

सोलापुरातील आमच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने यंदा पदव्युत्तर प्रात्यक्षिकांसाठी टीएन5 या ट्रान्सपोझॉनवर (डीएनएमध्ये एका जागेवरून दुसरीकडे जाऊन बसणाऱ्या तुकड्यावर) आधारलेला किट स्थानिक विक्रेत्यामार्फत मागवला. त्यात ई. कोलाय या जीवाणूचे दाता आणि ग्राही असे दोन वाण, प्रतिजैविके, मॅककॉन्की अगार (लॅक्टोज वापरणाऱ्या वसाहती रंगीत दाखवणारे माध्यम), पीसीआरचे (डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राचे) प्रायमर आणि एक पुस्तिका मिळते. विजेच्या झटक्याने पेशीत डीएनए घालणारा इलेक्ट्रोपोरेटर लागत नाही, ही आमच्यासारख्या विभागाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. दोन्ही वाण फिल्टरवर एकत्र वाढवले की संयुग्मनाने, म्हणजे पेशी-पेशींच्या थेट संपर्कातून, ट्रान्सपोझॉन वाहणारे प्लास्मिड (डीएनएचे छोटे वर्तुळ) ग्राही पेशीत जाते; तिथे त्याच्या प्रती निघू शकत नाहीत, आणि म्हणून ज्या पेशीच्या गुणसूत्रात ट्रान्सपोझॉन जाऊन बसला तीच कॅनामायसिन या प्रतिजैविकावर तग धरते. दाता पेशींना नॅलिडिक्सिक आम्ल रोखते.

वसाहती, म्हणजे प्लेटवर दिसणारे जीवाणूंचे ठिपके, भरपूर येतात. मात्र अशी प्रत्येक वसाहत म्हणजे ट्रान्सपोझॉनचा समावेश, असे पुस्तिका गृहीत धरते, ते मान्य होण्यासारखे नाही. कधी कधी संपूर्ण प्लास्मिडच गुणसूत्रात सामावले जाते, तर कधी ग्राही पेशीत आपोआप झालेल्या उत्परिवर्तनाने प्रतिरोध येतो. त्यामुळे केवळ दाता आणि केवळ ग्राही यांच्या स्वतंत्र प्लेटा घालणे आणि मिळालेल्या वसाहती अँपिसिलिनवर मरतात की नाही (मरत नसतील तर प्लास्मिडही आत आहे) हे पाहणे आवश्यक आहे. अँपिसिलिन किटमध्ये असते, पण त्याचे द्रावण फार दिवस टिकत नाही आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये तर ते प्रत्येक वेळी ताजेच करावे.

दुसरी त्रुटी गणिताची आहे. लॅक्टोज न वापरणाऱ्या पांढऱ्या वसाहती शोधा, असे पुस्तिका सांगते. परंतु लॅक्टोज पचवण्यासाठी लागणारे लॅकझेड जनुक सुमारे 3,000 बेसजोड्यांचे आणि ई. कोलायचा जीनोम सुमारे 46 लाखांचा असल्याने अशी वसाहत साधारण दीड हजारांत एखादी निघणार. दिलेल्या अगारात बहुतेक गटांच्या पदरी निराशाच येते. त्यापेक्षा मिनिमल मीडियमवर (अगदी मोजक्या पोषकांच्या माध्यमावर) न वाढणारी उत्परिवर्तके शोधावीत, ती शेकड्यात एखादी तरी सापडतात. त्यासाठीच्या रिप्लिका प्लेटिंगला (एका प्लेटवरच्या वसाहतींचा ठसा दुसऱ्या प्लेटवर उमटवण्याला) लागणारे मखमली कापड किटमध्ये नाही, ते बाजारातून आणावे लागते (टॉवेलच्या या शहरात टॉवेल वापरण्याचा मोह होतो, पण त्याचे फासे फार जाड पडतात).

सैद्धांतिक भाग त्रोटक आहे. मक्यावर काम करताना बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1940 च्या दशकात लावलेला शोध आणि 1983 चे नोबेल एवढ्यावर तो आटोपतो. ज्वारीच्या जीनोमचा निम्म्याहून अधिक भाग ट्रान्सपोझॉनांनी व्यापलेला आहे आणि दाण्याच्या सालीवर लाल पट्टे आणणारा कँडीस्ट्राइप हा ट्रान्सपोझॉन ज्वारीतच सापडला, हे मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेल्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनीच सांगावे लागते.

प्रायमर मात्र उत्तम निघाले. पीसीआरचे तुकडे अनुक्रमणासाठी (डीएनएची अक्षरे वाचण्यासाठी) बाहेर पाठवावे लागतात, तो खर्च वेगळा धरावा. ट्रान्सपोझॉन बसताना त्या जागेची प्रत निघाल्याने त्याच्या दोन्ही कडांना लागून असलेला 9 बेसजोड्यांचा तोच अनुक्रम विद्यार्थ्यांनी स्वतः पडद्यावर पाहिला की टीएन5 कसा बसतो हे वेगळे शिकवावे लागत नाही. विभागाकडे पीसीआर यंत्र आणि जैवसुरक्षा समितीची मान्यता असेल, तर किट घ्यावा. नुसत्या वसाहती दाखवण्यासाठी तो महाग पडेल.