साडेसहाशेचा स्कॅनर आणि विझवला की परत लागणारा पिवळा दिवा: सात महिन्यांचा अनुभव

गाडी 2015 ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-4, 82 हजार किलोमीटर पळालेली. गेल्या सप्टेंबरात सिन्नरहून नाशिकला येताना इंजिनचा पिवळा दिवा पहिल्यांदा लागला. पिकअप तोच, अ‍ॅव्हरेज तेच, आवाजही नाही. मुंबई नाक्याकडच्या एका गॅरेजवाल्याने स्कॅन मारला, 300 रुपये घेतले, गाडीत नोंदलेला बिघाडाचा कोड उडवला आणि म्हणाला, "जा बिनधास्त." बाराव्या दिवशी दिवा परत हजर. परत 300. तिसऱ्या खेपेला त्याने मान हलवली. "साहेब, कॅट गेलाय. पूर्ण कन्व्हर्टरच बदलावा लागंल." कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा सायलेन्सरच्या नळीतला भाग. आकडा सांगितला 31 हजार.

एवढे पैसे घालण्याआधी आपणच एकदा बघू, म्हणून नोव्हेंबरात ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, मागवला. काडेपेटीएवढा डबा. स्टिअरिंगखाली 16 पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचा आणि मोबाइलला जोडायचा, पिन 1234. हे सगळे डबे ईएलएम 327 नावाच्या चिपच्या नकला आहेत. मूळ चिप बनवणारी कॅनडाची कंपनी 2022 मध्ये बंदही झाली, त्यामुळे डब्यावर काय छापलंय याला फारसा अर्थ नाही. मला आलेला पहिला डबा 'व्हर्जन 2.1' होता, त्याने गाडीशी बोलायलाच नकार दिला. परत केला. दुसरा 1.5 वाला, 650 रुपयांचा, तो पहिल्या झटक्यात लागला. अ‍ॅप आधी टॉर्क वापरलं, आता कार स्कॅनर वापरतो. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथचा डबा घेऊ नये, वायफायवाला किंवा ब्लूटूथ एलई लागतो.

कोड निघाला पी0420. त्याचा अर्थ 'कॅटॅलिस्टची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली'. गॅरेजवाला खोटं बोलत नव्हता, पण कोड म्हणजे निदान नव्हे, हे त्यानेही लक्षात घेतलं नव्हतं आणि मीही. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर, काही कॅट उघडून बघत नाही. त्याला दिसतं ते कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज (धुरात ऑक्सिजन जास्त तर व्होल्टेज कमी), बस्स.

खरी मजा ग्राफमध्ये होती. इंजिन गरम झाल्यावर पुढचा, म्हणजे कॅटच्या आधीचा, सेन्सर 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये सारखा वर-खाली नाचतो, तो नाचायलाच हवा. कॅट धड असेल तर मागचा सेन्सर 0.6-0.7 च्या आसपास शांत बसतो. कॅट मेला असेल तर मागचाही पुढच्याच तालावर नाचू लागतो. माझ्याकडे तिसरंच काहीतरी. मागचा 0.7 वर निवांत, आणि मध्येच धाडकन 0.1 ला, परत वर. पुढच्याशी ताल जुळतच नव्हता. शिवाय डिसेंबरात पीयूसी काढली, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 0.08 टक्के. आमच्या गाडीला मर्यादा 0.3. पीयूसी पास म्हणजे कॅट ठणठणीत असं नाही, पण शंका यायला एवढं पुरे होतं.

दुसरा धागा फ्रीझ फ्रेमचा. कोड नोंदला गेला त्या क्षणाची माहिती ईसीयू जपून ठेवतो: वेग 74, आरपीएम 2150, कूलंट 89 अंश. मला वाटायचं दिवा घाटामुळे लागतो, कारण इगतपुरी-कसारा केलं की हमखास यायचा. उलटं होतं. शहरात द्वारका ते गंगापूर रोड अशी धर-सोड गाडी चालवताना ईसीयूला कॅटची चाचणी घ्यायची फुरसतच मिळत नाही. हायवेला एका वेगाने दहा-पंधरा मिनिटं गेलं की तो चाचणी घेतो, आणि आपण नापास. कोड उडवला की चाचणी 'अपूर्ण' दाखवते, म्हणून दिवा विझतो. गॅरेजात दोनदा झालेली दुरुस्ती ती एवढीच.

जानेवारीतल्या एका सकाळी, थंडी म्हणजे थंडी, गाडी सुरू केली तर खालून फट्-फट्-फट् असा बारीक आवाज. दोन मिनिटांत गायब. नळी तापून फुगली की फट दबते, हे मला नंतर कळलं. सातपूरच्या एका ओळखीच्या सायलेन्सरवाल्या मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, "घरचा व्हॅक्यूम क्लीनर आणा, उलटा फुंकणारा." बायकोने विचारलं, सायलेन्सरला? मी फडकं गुंडाळेन असं कबूल करून नेला. थंड गाडी, क्लीनरची नळी सायलेन्सरच्या तोंडाला फडक्याने घट्ट बांधली, आणि मिस्त्रींनी खाली झोपून सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. कॅटच्या खालच्या तोंडाला पाइप जोडतो त्या फ्लँजवर फेसाचे बुडबुडे फुगायला लागले, लहान मुलं फुगवतात तसे. बाजूला काजळीचा पट्टाही होता. मागचा सेन्सर तिथून सायलेन्सरच्या दिशेने वीतभर पुढे. धुराच्या दोन धक्क्यांमधल्या क्षणी त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जायची आणि सेन्सरला वाटायचं, ऑक्सिजन आला, कॅट काम करत नाही.

सांध्यातलं गॅस्केट (फट बंद करणारी चकती) 180 रुपये, दोन गंजके बोल्ट नवे, मजुरी 500. बोल्ट काढायलाच तासभर गेला. त्यानंतर कोड मी स्वतः उडवला आणि घोटी टोलच्या पुढेपर्यंत एका वेगात गाडी नेली. चाचणी 'पूर्ण' दिसली, दिवा नाही. आज जून. 4,300 किलोमीटर झाले, मागचा सेन्सर 0.68 वर गप्प.

आता डब्याच्या खोडी. सॉकेटला वीज सतत असते, चावी काढली तरी. मे महिन्यात नऊ दिवस गावी गेलो आणि डबा तसाच राहिला. आल्यावर बॅटरी झोपलेली, शेजारच्या गाडीवरून जंप घ्यावा लागला. वापरून झालं की काढून ठेवायचा. तो गुडघ्याला लागतोही. एकाच वेळी सहा-सात आकडे मागवले की ग्राफ अडखळतो, म्हणून दोन्ही सेन्सर आणि आरपीएम, इतकेच लावतो. एबीएस आणि एअरबॅगचे कोड माझ्या गाडीत दिसत नाहीत. आणि दिवा लुकलुकत असेल तर स्कॅनर-बिनर नंतर, आधी गाडी बाजूला घ्या. ते मिसफायरचं, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट न पेटण्याचं लक्षण, न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तो खरोखर जळतो.

सोसायटीत आता मी 'स्कॅनरवाले' झालोय. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीत पी0141 निघाला, मागच्या सेन्सरच्या हीटरचा. त्यांना सेन्सर बदलायला सांगितलं होतं. बॉनेट उघडलं तर वायर उंदराने कुरतडलेली. टेप मारून दिली, आणि काका तेव्हापासून पार्किंगमध्ये पिंजरा लावतात.