बॉयलरच्या देखभालीचं ॲप : वर्षभर वापरल्यावर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल डाइंगच्या (रंगवण्याच्या) युनिटमध्ये मेंटेनन्स माझ्याकडे आहे. जॉब कार्ड, वेळापत्रक, स्पेअरचा साठा हे अशा सगळ्याच ॲपमध्ये असतं, त्यावर लिहीत नाही.

गेल्या महिन्यात रात्रपाळीत आमच्या बॉयलरची ट्यूब गळली. स्टीम बंद, मशीनमध्ये माल अर्धवट रंगलेला. ॲप उघडलं तर ब्लोडाऊन (बॉयलरमधलं गाळाचं पाणी सोडणं), सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र), गेज ग्लास (पाण्याची पातळी दाखवणारी काच), सगळ्यांपुढे हिरवी खूण! काढलेल्या ट्यूबवर मात्र पाण्याच्या बाजूने क्षाराचा पांढरा थर, पेचकसाने टोकरला तरी सुटेना. इथलं बोअरचं पाणी किती जड आहे, हे सोलापूरकरांना सांगायला नको.

ॲप एवढंच विचारत होतं : काम झालं का? सॉफ्टनरला मीठ दिलं, हो. पण त्यानंतर पाण्याची हार्डनेस, म्हणजे जडपणा, किती आली, ते लिहायला जागाच नाही. चिमणीचं तापमान तर कुठेच नाही, आणि माझा सगळा राग यावर आहे. हे तापमान 22 अंशांनी चढलं की कार्यक्षमता साधारण 1 टक्क्याने उतरते. लोड तोच असताना ते रोज थोडं थोडं चढत असेल, तर ट्यूबवर क्षार किंवा काजळी धरतेय हे गळती व्हायच्या कितीतरी आधी कळतं. आमच्या कागदी रजिस्टरात हा रकाना होता. ॲप आलं आणि मालकांनी रजिस्टर बंद केलं.

कंपनीला फोन केला तर रकाना वाढवायचे वेगळे पैसे! वर्षाचं भाडं भरूनही एका आकड्यासाठी पैसे का द्यायचे? बरंच भांडल्यावर फुकट करून दिलं.

तेव्हापासून मत बदललंय, हे मान्य करतो. आता आकडा भरल्याशिवाय काम पूर्ण होत नाही, आणि हार्डनेस 5 पीपीएमच्या वर गेली की माझ्या फोनवर सूचना येते. परवा चिमणीचा आलेख वर सरकताना दिसला. सुट्टीच्या दिवशी ट्यूबना ब्रश मारून घेतला, काजळी निघाली, तापमान जागेवर आलं. बॉयलरमध्ये जळणाऱ्या ब्रिकेटचे (भुशाच्या दाबलेल्या इंधनाचे) भाव पाहता ही बचत मोठी आहे.

ॲपमध्ये नोंदीसाठी स्कॅन करायचे क्यूआर स्टिकर स्टीम लाइनवर टिकत नाहीत, उष्णतेने सुटतात. आम्ही पत्र्याचे बिल्ले तारेने बांधले.

बॉयलर हाऊसमध्ये नेट नसतं, त्यामुळे नोंद उशिरा चढते आणि तिच्यावर चढल्याची वेळ पडते, रीडिंग घेतल्याची नाही. हे दुरुस्त होईपर्यंत वर्षाचे पैसे एकरकमी देणार नाही. तीन-तीन महिन्यांचे भरीन, असं त्यांना कळवलंय.